पालीच्या तिठ्यावर उतरा, मास्तर

खिडकीची काच आधी वर करा. सरकत नाही? एसटीची आहे ती. दोन्ही अंगठे खाचेत घाला आणि एक हिसका द्या. हं, आता डोकं जरासं बाहेर. आंबा घाट उतरतोय आपण. साल १९८०, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पहाटेचे साडेपाच. वर मलकापूरपर्यंत हवा कोरडी होती, अंगावर शाल बरी वाटत होती. इथं वळणावळणाला ती जड होत जाते. कुजलेला पाला, पिकलेली करवंदं, तापलेल्या ब्रेकचा जळका वास. मागच्या बाकावर कुणाला तरी गाडी लागलीय, त्याचाही. तोंडात आवळ्याची सुपारी ठेवा. साखरपा येईतो शर्ट पाठीला चिकटलेला असेल. नाणीज मागं पडलं की उठून उभे राहा, कारण कंडक्टरनं दोनदा घंटी मारायच्या आत तुम्हाला टपावरची ट्रंक उतरवून घ्यायची आहे.

ट्रंक काळी, लोखंडी, कोपरे चेपलेली. वरचा पोरगा ती ढकलतो आणि तुम्ही छातीवर झेलता. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आहे, नावाआधी हुद्दा आहे: विंग कमांडर. नाव कुणाचं ते मी मुद्दाम कोरं ठेवलंय. हवाई दलातून बाहेर पडून व्यवस्थापन शिकवायला गेलेली माणसं महाराष्ट्रात तेव्हाही होती. आजही पुण्यातल्या मॅनेजमेंट कॉलेजांत शिक्षकांच्या नावामागे ग्रुप कॅप्टन, विंग कमांडर असे हुद्दे भेटतात. त्यांच्यातल्या कोणा एकाची ही हकीकत नाही. त्यांच्या जागेवर मी आज तुम्हाला बसवतोय. तुमचं वय आता बेचाळीस. उजव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, जेट इंजिनांच्या शेजारी आयुष्य गेल्यामुळं. वीस वर्षं नोकरी झाली, पेन्शन बसली, आणि तुम्ही मुदतीआधी उतरलात. जुलैपासून पुण्यात एका संस्थेत वर्ग घ्यायचाय. त्याआधी महिनाभर घरी.

घर पालीत. रत्नागिरी तालुक्यातली पाली बरं का; बल्लाळेश्वराची पाली तिकडे रायगडात. इथं मुंबई-गोवा रस्त्याला कोल्हापूरचा रस्ता येऊन मिळतो. उजवीकडे वळलात तर हातखंबा आणि पुढं रत्नागिरी, डावीकडे लांजा, राजापूर, गोवा. या तिठ्यावर सकाळी सातला उभं राहायचं म्हणजे अंगाला गर्दी चोळून घ्यायची. आंब्याचे ट्रक रांगेनं उभे आहेत, लाकडी पेट्या आणि पेट्यांत गवत. त्या गवतातून हापूसचा वास असा येतो की पोटात भूक उठते. त्यावर डिझेल, बिडी आणि कांदाभजीच्या कढईचा धूर. सुट्टीवर आलेले चाकरमानी परतीच्या गाडीसाठी गोणी, फणस, कोकमांच्या बरण्या आणि रडणारी पोरं घेऊन उभे. गाडी आली की एकजण खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरतो, दुसरा त्याच खिडकीतून पोरगं आत ढकलतो. लाल धूळ दातात करकरते. चहावाला कपबशी तुमच्या हातात देतो आणि ट्रंकेवरची अक्षरं मोठ्यानं वाचतो.

“म्हणजे विमान चालवत होता तुम्ही? आणि आता?”

“शिकवणार.”

“मास्तर?” तो खूश होतो. “बरं झालं.”

त्याचं खूश होणं मनापासूनचं आहे. हा जिल्हा मास्तरांचा. टिळक रत्नागिरीत जन्मले, त्यांचे वडील शिक्षक होते. महर्षी कर्वे मुरुडचे, गणित शिकवत शिकवत पुढं गेलेले. आणि फौजेत माणसं पाठवणारी घरंही इथं गावोगाव. तुमच्यात दोन्ही वाटा एकत्र आल्यात, याचं त्या चहावाल्याला नवल वाटत नाही. पुण्यातल्या तुमच्या बायकोच्या माहेरी मात्र सगळ्यांना वाटलंय. एअरलाइनमध्ये का नाही गेलात, हे तुम्हाला त्या घरात प्रत्येक जेवणाला विचारलं गेलंय.

चला घरी. जांभ्याच्या गडग्यांमधून पाणंद, पायाखाली काजूचा वाळका पाला. बोंडूंचा आंबूस वास अजून रेंगाळतोय. आई पडवीत आहे. ती तुमच्या ट्रंकेकडे बघत नाही, पायांकडे बघते.

“पाय धू आधी. आणि पेज घे, तुझ्यासाठी ठेवलीय.”

उकड्या तांदळाची गरम पेज, त्यात मेतकूट, बाजूला भाजलेला पापड. घाम येतोय तरी ती गरमच प्यायची. पहिला घोट पोटात उतरतो तेव्हा तुमच्या लक्षात येतं की गेली कित्येक वर्षं तुम्ही न्याहारी घड्याळ बघत केलीय.

इथं जरा थांबा, कारण मला तुम्हाला आणखी मागं न्यायचंय. शिकवायला तुम्ही काय घेऊन निघालात, ते या पडवीत नाही कळायचं.

लोहगाव. पुण्याचा हवाई तळ, एप्रिलची दुपार, तुम्ही तिशीचे. काँक्रीटवरून उष्णता अशी उठते की समोरचं विमान पाण्यात उभं असल्यागत हलतं. ते कॅनबेरा आहे, दोन इंजिनांचं बाँबफेकी. याच जातीची विमानं १८ डिसेंबर १९६१ला याच धावपट्टीवरून उडून गोव्यात दाबोळीच्या विमानतळावर गेली होती. नाकाच्या उजव्या अंगाला लहानसं दार आहे, वाकून आत शिरा. धातूला उघडा हात लावू नका, फोड येईल. आत रबर, रॉकेलसारखं इंधन, जुना घाम. तुम्ही वर चढून डावीकडच्या काचेच्या घुमटाखाली बसता. त्या काचेतून सूर्य थेट डोक्यात शिरतो. पट्टे आवळून होईतो फ्लाइंग सूट पिळून काढण्याइतका ओला. तुमचा नॅव्हिगेटर तुमच्या खाली, अंधारात, नकाशे मांडीवर घेऊन बसलाय. त्याचा फक्त आवाज तुम्हाला ऐकू येतो.

आता इंजिन सुरू करा. कॅनबेराचं इंजिन काडतुसानं सुरू होतं. कळ दाबली की धाडकन बार होतो, काळ्या धुराचा लोट उठतो आणि फटाक्याच्या दारूचा वास मुखवट्यापर्यंत येतो. मग शीळ, मग गर्जना, मग सगळं शरीर त्या थरथरीत विरघळतं. हे सुख कुणाला सांगून कळत नाही, म्हणून बसवलं तुम्हाला तिथं. दहा हजार फुटांवर गार हवा आत आली की ओला सूट पाठीवर बर्फासारखा होतो आणि खाली सह्याद्रीच्या कड्यांपलीकडे कोकण दिसतं, निळसर, वाफेत बुडालेलं. कुठंतरी तिथं पाली.

पण मी तुम्हाला आणलंय दोन गोष्टी दाखवायला.

पहिली विमानात शिरण्याआधीची. एक मळकं, जाड दप्तर तुमच्यासमोर धरलं गेलं होतं. फॉर्म ७०० म्हणतात त्याला. विमानाच्या तब्येतीची सगळी नोंद त्यात. इंजिनवाला, सांगाड्याचा, विजेचा, उपकरणांचा, शस्त्रांचा, ज्यानं त्यानं आपलं काम तपासून सही केलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटी तुमची: विमान ताब्यात घेतलं. यातला एखादा कॉर्पोरल, मिसरूड फुटलेलं पोरगं, म्हणाला की हायड्रॉलिकची गळती मला पटत नाही, मी सही करत नाही, तर विमान जागचं हलत नाही. बाहेर तो तुम्हाला कडक सलाम ठोकतो. त्या पानावर मात्र त्याच्या नकाराला तुमच्या हुद्द्याइतकंच वजन आहे. तुम्ही चिडलात, घड्याळ दाखवलंत, वरून फोन आला, तरीही.

दुसरी गोष्ट तुमच्या बुडाखाली आहे. तुम्ही बसलात ती खुर्ची स्फोटकांवर आहे. विमान हाताबाहेर गेलं तर कळ ओढायची, खुर्ची तुम्हाला आभाळात फेकते. खाली बसलेल्या नॅव्हिगेटरला मात्र अशी खुर्ची नाही. कॅनबेराच्या या प्रकारात ती त्याला दिलेलीच नाही. त्याच्याकडे पॅराशूट आहे आणि तुम्ही वाकून शिरलात ते लहानसं दार. कोसळत्या विमानात त्यानं उठायचं, दारापर्यंत जायचं, उडी टाकायची. निर्णय तुमच्या हातात आणि त्या निर्णयाची मोठी किंमत त्याच्या वाट्याला. तो हे जाणतो. रोज तुमच्याबरोबर उडतो. कॅनबेराच्या वैमानिकाला नेतृत्व कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. खालून येणारा तो आवाज ऐकत त्यानं ते शिकून घेतलं.

उतरल्यावर अंधाऱ्या खोलीत, चहाचे पेले हातात, झाल्या उड्डाणाची उजळणी होते. नॅव्हिगेटर तुमच्याहून कनिष्ठ, पण सरळ म्हणतो, “दुसऱ्या टप्प्यात तुम्ही चार अंश भरकटलात. मी दोनदा सांगितलं.” तुम्ही वहीत लिहून घेता. राग आला तरी लिहून घेता. रात्री मेसमध्ये दोघं एका टेबलावर जेवता.

मधली काही वर्षं आपण झपाट्यानं ओलांडू. बदल्या, बिऱ्हाडं, मुलांच्या शाळा, फायलींचं टेबल. फक्त सिकंदराबादला थोडं उतरा. तिथं १९७०मध्ये तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट निघाली, आताचं कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट. भोवती काळेभोर गोल धोंडे, दुपारी त्यांच्याकडून भट्टीसारखी झळ. तुम्ही शिकायला गेलात आणि नंतर शिकवायला राहिलात. फळ्यावर पहिल्यांदा वर्तुळं आणि बाण पाहिले तिथं. पर्ट. अमेरिकी नौदलानं १९५८मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी काढलेली पद्धत: हजारो कामांपैकी कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं एक दिवस लांबलं तर सगळंच लांबतं. शेजारच्या फळ्यावर लिनियर प्रोग्रॅमिंग. १९४७मध्ये जॉर्ज डँट्झिगनं त्याची रीत शोधली तेव्हा तो अमेरिकी हवाई दलासाठीच काम करत होता. कारखानदारांच्या पोरांना अहमदाबादेत आणि मुंबईत जमनालाल बजाज संस्थेत हे जे शिकवतात, त्यातलं कितीतरी धावपट्टीच्या कडेला जन्मलंय, हे तुम्हाला त्या उन्हात कळलं. तिथंच मनात ठरलं, फक्त उच्चारायला आणखी काही वर्षं लागली.

आता पुन्हा पडवीत. रात्र झालीय. वळवाची एक सर पडून गेलीय, मातीचा वास घरभर, दिव्याभोवती पंखांचे किडे, झाडावर रातकिड्यांचा कानठळ्या बसवणारा गजर. ट्रंक उघडी आहे. पहिल्या व्याख्यानाची तयारी चाललीय तुमची. पुस्तकातलं उदाहरण पूल बांधण्याचं आहे, तोही ओहायोतला. तुम्हाला ते पटत नाही. सारवलेल्या जमिनीवर खडूनं तुम्ही भातलावणीचं जाळं काढता. भाजावळ झाली. मग नांगरणी, पेरणी. रोपाला तीन-साडेतीन आठवडे. इकडे बांध घालणं. मग चिखलणी, रोप उपटणं, लावणी. कुठल्या कामाला किती दिवस, बाणावर आकडे. मधली वाट ठळक करता: ही चुकली की हंगाम चुकला.

आई सुपारी कातरत बघतेय. बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, “आणि बैल कुठायत रे ह्यात?”

“बैल?”

“जोत आपलं नाही. वरच्या वाडीतल्यांचं येतं. त्यांची चिखलणी झाल्याशिवाय देतात होय? तुझं रोप तयार होऊन बसलं तरी बैल येईपर्यंत तू काय करणार? आणि त्या दिवसांत पाऊस उघडला तर?”

ती अडकित्ता ठेवते आणि झोपायला जाते. तुम्ही खडू हातात धरून बसून राहता. सिकंदराबादला यावर स्वतंत्र व्याख्यान झालं होतं: साधनं अपुरी असतील तर वेळापत्रक कसं बदलतं. आईनं ते अर्ध्या मिनिटात सांगितलं, कारण तिनं चिखलात उभं राहून बैलांची वाट पाहिलीय. त्या रात्री तुम्ही उदाहरण बदलत नाही, पण त्यात बैल घालता.

पुणं. जुलै, संध्याकाळचे सव्वासहा. आगरकर रस्त्याच्या अंगाला दगडी इमारत, जिन्यात छत्र्यांचं पाणी. त्या काळात पुण्यात व्यवस्थापनाचे वर्ग नवे नवे भरू लागलेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आयएमडीआर १९७४ची, सिंबायोसिसची संस्था १९७८ची. दिवसाची मुलं वेगळी. संध्याकाळच्या पदविकेला येतात ती कामावरून येतात. टेल्को, बजाज, किर्लोस्कर. कुणी लुनावर, कुणी कंपनीच्या बसनं, कुणी भिजत सायकलवर. वर्गात शिरलात की नाकाला ओल्या रेनकोटाचं रबर, अंगावरच्या गणवेशातलं मशीनचं तेल, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी. पंखा कुरकुरतोय. ट्यूबलाइट लपलपतेय. खडू दमट झालाय, लिहिताना तुटतो.

तुम्ही ताठ उभे आहात. इतके ताठ की पहिल्या बाकावरचा आपोआप सरळ होतो. आवाज मोठा लागलाय, धावपट्टीवरचा. वीस मिनिटांत मागच्या रांगेत दोन माना कलल्या. कुणाला ओरडता येत नाही. ही माणसं तुमच्या हाताखाली नाहीत. सकाळी सातपासून उभी राहून आलीत आणि फी त्यांनी स्वतःच्या पगारातून भरलीय. विमानात बसल्यावर कधी सुकला नव्हता असा घसा तुमचा इथं सुकतो. फळ्यावर नेतृत्वाच्या व्याख्या लिहिल्यात, तीन लेखकांच्या. खरं सांगतो, त्या व्याख्या त्या खोलीत कुणालाही नको आहेत.

तिसऱ्या रांगेतला एकजण हात वर करतो. तिशीचा, शॉपमधला सुपरवायझर असावा, नखांत ग्रीस.

“सर, राग मानू नका. तुमच्याकडे हुकूम दिला की संपलं. आमच्याकडे युनियन आहे, वर साहेब आहे, खाली वर्कर. मधे आम्ही. हे आम्हाला लागू कसं होणार?”

वर्ग जागा होतो. हा प्रश्न फौजेतून आलेल्या प्रत्येक शिक्षकाला पहिल्या आठवड्यात विचारला जातो. त्याचं उत्तर नीट देता आलं तरच तो शिक्षक होतो, असं माझं मत आहे.

तुम्ही डस्टर उचलता. तिन्ही व्याख्या पुसता. खडूची पांढरी धूळ ओल्या हवेत उडत नाही, बाहीला चिकटते. मग फळ्यावर एक चौकोन काढता आणि त्यात खाली खाली सह्या. फॉर्म ७०० सांगता. त्या कॉर्पोरलचा नकार सांगता. सांगता की मी अधिकारी असताना त्या पोरानं मला खाली उतरवलं होतं आणि संध्याकाळी पाइप उघडल्यावर आत बोटभर चीर निघाली. आवाज आपोआप खाली आलाय तुमचा. “तुमच्या लाइनवर,” तुम्ही विचारता, “असा कोण आहे, जो नाही म्हणाला तर मशीन थांबतं?”

कुणी बोलत नाही. मग एकजण, “इन्स्पेक्शनवाला. पण महिनाअखेरीला त्याचं कोण ऐकतं?” हशा पिकतो, आणि मग गोष्टी निघतात. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत रंग ओला असताना बाहेर काढलेला माल. सही आधी आणि तपासणी नंतर. गार्ड काढून ठेवलेला प्रेस. ज्याचं बोट गेलं त्याचं नाव घेताना एकजण खाली बघतो. तुम्ही फळ्याकडे पाठ करत नाही, लिहीतही नाही, फक्त ऐकता, तसं ऐकायची तुम्हाला सवय आहे.

शेवटची दहा मिनिटं उरलीत तेव्हा तुम्ही कॅनबेराची आडवी आकृती काढता. वर वैमानिक, खाली नॅव्हिगेटर. कुणाच्या खुर्चीखाली काय आहे ते सांगता. खोली गप्प. पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा.

“तुमच्या कारखान्यात,” तुम्ही म्हणता, “निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीखाली काय आहे आणि ज्याच्यावर निर्णय जाऊन पडतो त्याच्या खुर्चीखाली काय आहे, पुढच्या वेळी लिहून आणा. एक पान. भाषा मराठी चालेल.”

तो सुपरवायझर जिन्यात थांबतो. “सर, साहेबांचं नाव लिहायचं का?” तुम्ही सांगता, नावं नकोत, खुर्च्या लिहा.

त्यानंतरचे महिने धावतात. तपासायच्या वह्या, गणपतीची सुट्टी, भाड्याच्या घराला ओल. तुम्ही टायपिस्टकडून स्टेन्सिल कापून घेता, सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं निळी-काळी. अमेरिकी कंपन्यांच्या केस कमी करता आणि एक स्वतः लिहिता: हापूसची पेटी पालीच्या तिठ्यावरून निघते ते मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात दलालापुढे फुटते तोवर. ट्रक बिघडला तर नुकसान कुणाचं, पिकण्याचे दिवस कुणी मोजायचे, दर कुणी ठरवायचा. त्यावर वर्गात भांडण होतं. देवगडचा एक विद्यार्थी इतका तापतो की खडू हातात घेऊन स्वतःच फळ्याशी येतो. तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसता. शिक्षक म्हणून तुमची पहिली खरी संध्याकाळ ती, असं मी धरतो.

आणि एकदा तुम्ही त्यांना अब्राहम वाल्ड सांगता. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये बसलेला संख्याशास्त्रज्ञ. लढून परतलेल्या बाँबफेकी विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठं आहेत याची नोंद त्याच्यापुढं आली. पत्रा कुठं जाड करायचा? भोकं जास्त दिसतात तिथं, असं कुणीही म्हणेल; वर्गही तेच म्हणतो. वाल्डनं उलट हिशोब मांडला: ही विमानं इतकी भोकं घेऊनही परत आलीत. जी परतली नाहीत त्यांना गोळ्या दुसरीकडे लागल्या असणार, इंजिनाला. बघायचं ते न आलेल्यांकडे. “तुमच्याकडे तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक हे परत आलेलं विमान,” तुम्ही सांगता. “जे गुपचूप सोडून गेलं ते कुठल्या कागदावर आहे?” मग थांबून सांगता की हाच वाल्ड व्याख्यानांसाठी भारतात आला होता आणि डिसेंबर १९५०मध्ये नीलगिरीच्या डोंगरात प्रवासी विमान कोसळून बायकोसह गेला. वर्गात कुणीतरी हळूच ‘अरेरे’ म्हणतं. तुम्ही वैमानिक आहात. कोसळलेल्या विमानाचा वास तुम्हाला ठाऊक आहे. पुढचा विषय सुरू करायला तुम्हाला एक घोट पाणी लागतं.

आता मी तुम्हाला परत आणतो. ट्रंक तिथंच राहू द्या, अंगावरची खडूची धूळ झटका.

तुम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी इकडे आलात. हवाई दलातून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आता केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे मोठ्या व्यवस्थापन संस्थांत काही महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. त्यातले बहुतेक कंपन्यांत जातात, पगार तिकडे आहे. थोडे वर्गात जातात. मला ते थोडे फार मोलाचे वाटतात. व्यवस्थापनाच्या वर्गांत आज पडद्यावर सरकणाऱ्या पानांना तोटा नाही. ज्याच्या निर्णयावर खालच्या माणसाचा जीव अवलंबून होता आणि ज्यानं त्या खालच्या माणसाचं ऐकण्याची शिस्त अंगात मुरवली, असा शिक्षक मात्र दुर्मीळ आहे. मुलांना तो मिळायला हवा, आणि गावाकडच्या मुलांना तर आधी. पुण्या-मुंबईच्या मुलांना निदान चार माणसं भेटतात.

पालीहून हातखंब्यावरून रत्नागिरीला जाताना मिरजोळे लागतं. तिथल्या विमानतळावरून तटरक्षक दलाची विमानं उडतात, आणि त्याच मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी आहे. धावपट्टी आणि वर्ग एकाच गावात. तुमच्या ओळखीत, नात्यात, वाडीत कुणी हवाई दलातून, नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या विमानांवरून निवृत्त होऊन आलेलं असेल, वैमानिक असो की फॉर्म ७००वर सही करणारा तंत्रज्ञ, तर त्यांना जवळच्या कॉलेजात घेऊन जा. प्राचार्यांना भेटा, एक तास मागून घ्या, आणि तुम्हीही मागच्या बाकावर बसा.